दसऱ्यानंतर स्प्रिंकलर चालू होत नाही? आधी चेंबर उघडा, मग माणूस बोलवा

आमच्या सोसायटीत बागेचं खातं माझ्याकडे आलं, कारण त्या मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचले. मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची जुनी इमारत आहे. मागे बॅडमिंटनची चार कोर्टं बसतील एवढी हिरवळ आणि तिच्याखाली सहा झोनचं स्प्रिंकलर, म्हणजे हिरवळीचे सहा भाग आणि प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्व्ह. पहिल्याच वर्षी दसरा झाला आणि माळीकाकांचा फोन आला, "ताई, फवारे उठतच नाहीयेत."

मी माणूस बोलावला. त्याने कंट्रोलरचं, म्हणजे ठरल्या वेळी एकेक झोन चालू-बंद करणाऱ्या डब्याचं, दार उघडलं, आतल्या स्क्रूंना टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही. "बोर्ड गेलाय," तो म्हणाला. साडेअठरा हजारांचा नवा बोर्ड बसला, त्यावर सुंदर हिरवा दिवा लागला आणि फवारे तसेच जमिनीत. पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बागेत बसले, तेव्हा खरा बिघाड सापडला. जुना बोर्ड ठणठणीत होता. आजही तो माझ्या माळ्यावर आहे.

मुंबईत हे दुखणं बहुतेक ऑक्टोबरातच डोकं वर काढतं. हवामान खात्याच्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. म्हणजे चार महिने ही यंत्रणा झोपलेली असते. तेवढ्या काळात व्हॉल्व्हचे चेंबर काठोकाठ भरतात, घुशी बिळं करतात, कोणीतरी इंटरनेटच्या केबलसाठी चर खणून जातं, गणपतीचा आणि मग नवरात्राचा मांडव पडतो आणि त्याचे लोखंडी खुंटे थेट हिरवळीत ठोकले जातात. त्यामुळे पहिला प्रश्न "कुठला पार्ट गेला?" हा विचारू नका. "पावसाळ्यात इथे काय काय झालं?" हे वॉचमनला आणि माळीकाकांना विचारा. मी ते विचारलं असतं तर साडेअठरा हजार वाचले असते.

आधी हे जमवा

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती ऐनवेळी सापडत नाहीत:

- झोनचा नकाशा, म्हणजे कुठला व्हॉल्व्ह कुठे आणि पाइप कुठून गेलाय. बसवणाऱ्याने दिला असेल तर तुमचं नशीब. बहुतेक सोसायट्यांत तो माळीकाकांच्या डोक्यात असतो. त्यांना घेऊन फिरा आणि कागदावर उतरवा.
- कंट्रोलरचं मॅन्युअल. हरवलं असेल तर दाराच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो, त्यावरून नेटवर मिळतं.
- एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) असेल तर तिचा करार. सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची डबी) आणि वायरिंग त्यात धरलंय का, ते वाचा.
- कंट्रोलरच्या आतल्या वायरींचा स्वच्छ फोटो. एकही वायर सोडवण्याआधी काढा. सोडवल्यावर सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

हत्यारं: साधा डिजिटल मल्टिमीटर, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, मग आणि बादली, स्पंज, जुना टूथब्रश, कंट्रोलरपासून सगळ्यात लांबच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचेल एवढी साधी दोन कोरची वायर आणि आत जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर. विजेचं सामान लोहार चाळीत आणि व्हॉल्व्ह, फिल्टर, पाइपाचं नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. जाताना जुना तुकडा सोबत न्या. "एक इंची व्हॉल्व्ह" एवढंच सांगितलंत तर दुकानदार तुमच्यापुढे दहा प्रकार मांडेल.

एक गोष्ट ठरवून टाका. कंट्रोलरपासून व्हॉल्व्हकडे जाणारी वीज २४ व्होल्टची असते, तिथे तुम्ही हात घालू शकता. कंट्रोलरमध्ये येणारी २३० व्होल्टची बाजू आणि पंपाचं पॅनल मात्र इलेक्ट्रिशियनचं काम. आणि स्प्रिंकलर सुरू केल्याबरोबर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर तो "तात्पुरता" बायपास करू देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. ओल्या गवतावर मुलं अनवाणी खेळतात.

१. "चालत नाही" म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

कंट्रोलरवर एक झोन मॅन्युअलवर लावा आणि हिरवळीवर जाऊन उभे राहा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

अ) कंट्रोलरचा पडदाच कोरा. थेट चौथ्या पायरीवर जा.

आ) कंट्रोलर म्हणतोय झोन चालू, पण एकही फवारा उठत नाही. दुसरी पायरी.

इ) काही झोन चालतात, काही नाहीत, किंवा फवारे अर्धवट उठून गळत बसतात. सहावी, सातवी आणि आठवी पायरी.

ही विभागणी कंटाळवाणी वाटेल, पण "स्प्रिंकलर बंद आहे" एवढंच फोनवर सांगितलं की समोरचा माणूस त्याच्या पिशवीत जो पार्ट असेल तोच बिघडलाय असं सांगतो.

२. व्हॉल्व्ह हाताने उघडा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

हिरवळीच्या कडेला हिरव्या झाकणाचे प्लास्टिकचे चेंबर असतात. झाकण अलगद उचला, हात लगेच आत घालू नका. आमच्या चेंबरमधून पहिल्यांदा एक लठ्ठ बेडूक निघाला, दुसऱ्यांदा गोम. आत पाणी असेल तर मगाने उपसा आणि उरलेलं स्पंजने टिपा. मग व्हॉल्व्ह दिसेल: काळं झाकण, त्यावर उभी बसवलेली अंगठ्याएवढी गोल डबी आणि डबीतून निघालेल्या दोन वायरी. ती डबी म्हणजे सोलेनॉइड. वीज आली की त्यातला दांडा वर उचलला जातो, व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी पडद्यावरचा दाब सुटतो आणि पाणी वाट काढतं.

आता सोलेनॉइड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. पूर्ण काढू नका, नाहीतर आतला स्प्रिंग आणि दांडा उडून चिखलात जाईल आणि तुम्ही तासभर चिखल चाळत बसाल. काही व्हॉल्व्हना वेगळा ब्लीड स्क्रू किंवा छोटी खिटी असते, ती थोडी सैल करा.

फवारे उठले: पाणी, पंप, पाइप, हेड (म्हणजे फवाऱ्याचं तोंड) सगळं ठीक. बिघाड विजेच्या बाजूला आहे. पायऱ्या ४, ५, ६.

फवारे उठले नाहीत: कंट्रोलरला दोष देऊ नका. पाणीच पोचत नाहीये. पायरी ३. (यातही एक मेख आहे. पंप कंट्रोलरच्या इशाऱ्यावर सुरू होणारा असेल तर आधी तो पॅनलवरून हाताने चालू करून मगच ही चाचणी घ्या.)

माझ्या बाबतीत फवारे पहिल्याच पाव फेऱ्याला सणकून उठले आणि मी डोक्यापासून पायापर्यंत भिजले. त्या क्षणी कळलं की तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी बघत होते. चाचणी झाली की सोलेनॉइड हाताने घट्ट करा. पक्कड लावू नका, प्लास्टिकचे आटे जातात.

३. पाणी का पोचत नाही

सगळ्यात आधी कॉक. मे महिन्यात पाणीकपातीची बातमी आली की आमचे सेक्रेटरीकाका बागेचा मेन कॉक बंद करतात. ते योग्यच आहे, भातसा-वैतरणेहून आणलेलं पिण्याचं पाणी गवतावर उडवायचं नसतं. पण तो कॉक परत उघडायचं ऑक्टोबरात कोणाच्याच लक्षात राहत नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाला आडवा असेल तर बंद, पाइपाच्या रेषेत असेल तर चालू. टाकीपासून हिरवळीपर्यंत असे दोन-तीन कॉक असतात, सगळे बघा.

मग टाकी. बागेला बोअरवेलचं किंवा एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी असेल तर त्या टाकीत पाणी आहे का, ते झाकण उघडून डोळ्यांनी बघा. टाकी रिकामी असताना पंप जळू नये म्हणून ड्राय रनचं संरक्षण असतं, ते पंप सुरूच होऊ देत नाही. फ्लोट स्विच टाकीच्या भिंतीला किंवा दोरीला अडकला असेल तर पाणी असूनही पॅनलला वाटतं की टाकी रिकामी आहे. काठीने हलवून बघा.

मग पंप.

- नुसता गुणगुणतो, फिरत नाही (सिंगल फेज): लगेच बंद करा. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर चार महिने न फिरल्याने गंजून अडकलेला असतो. तसाच चालू ठेवलात तर वाइंडिंग जळेल.
- अजिबात आवाज नाही: पॅनलवर ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय का बघा. थ्री फेज असेल तर फेज प्रिव्हेंटरचा दिवा बघा. एक फेज गेली तरी तो पंप चालू देत नाही.
- फिरतो, पण पाणी येत नाही: हवा धरली आहे. पंप टाकीच्या वर बसवलेला असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत टाकीत जाऊ न देणारी खालच्या टोकाची झडप) गळून पाइप रिकामा झालेला असतो. प्रायमिंगचं बूच काढा, पाणी भरा, बूच लावा, मग चालू करा.

पंपानंतरचा फिल्टर विसरू नका. एसटीपीच्या पाण्याने त्याची जाळी काही आठवड्यांत बुळबुळीत होते. कॉक बंद करून उघडा, चकत्या किंवा जाळी ब्रशने धुवा. क्षाराचा पांढरा थर असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

काही इमारतींत पंप नसतोच, गच्चीवरच्या टाकीतून थेट लाइन असते. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सात मजल्यांना, मजल्याला ३ मीटर धरून, २१ मीटर, म्हणजे जेमतेम २ बार. साध्या स्प्रे हेडला तेवढाच लागतो. सकाळी सहा-सातला सगळ्या इमारतीच्या आंघोळी चालू असताना स्प्रिंकलर लावलंत तर फवारे मान टाकणारच. वेळ पहाटे साडेचारची ठेवा.

४. कंट्रोलर: वीज, घड्याळ, प्रोग्रॅम

पडदा कोरा असेल तर आधी एमसीबी आणि सॉकेट तपासा. सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघणं हा माझा उपाय. सॉकेटमध्ये वीज आहे आणि पडदा कोरा, तर आतला छोटा काचेचा फ्यूज (असल्यास) किंवा ट्रान्सफॉर्मर गेलेला असू शकतो. एका ओळखीच्यांनी मुलाकडून अमेरिकेतून कंट्रोलर मागवला होता. तो तिथल्या १२० व्होल्टचा होता, इथल्या २३० वर लावल्याबरोबर वास आला आणि संपला. बाहेरून आणणार असाल तर ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचा.

पडदा चालू असेल तर बिघाड बऱ्याचदा मेंदूतच असतो, यंत्राच्या नाही तर प्रोग्रॅमच्या:

- वीज गेली आणि आतली बॅटरी मेलेली असेल तर घड्याळ १२ वर जातं आणि काही कंट्रोलर तुमचा प्रोग्रॅम पुसून स्वतःचाच लावतात. ९ व्होल्टची बॅटरी वर्षातून एकदा बदला.
- एएम आणि पीएम. पहाटे पाचचं स्प्रिंकलर संध्याकाळी पाचला चालत असतं आणि आपल्याला वाटतं चालतच नाही. मग कोणीतरी बाकावर बसलेल्या आजी भिजल्याची तक्रार घेऊन येतं.
- "सीझनल ॲडजस्ट" नावाची टक्केवारी. पावसाळ्यात कोणीतरी ती १० टक्क्यांवर आणलेली असते. दहा मिनिटांचा झोन एक मिनिट चालून बंद होतो. ऑक्टोबरात ती १०० करा.
- डायल किंवा बटण "ऑफ" किंवा "रेन" वर. हसू नका, तपासा.
- स्टार्ट टाइम दर झोनला वेगळा द्यायचा नसतो. एका स्टार्ट टाइमला त्या प्रोग्रॅममधले सगळे झोन ओळीने चालतात. सहा झोनसाठी सहा वेळा भरल्यात तर सगळी बाग सहादा भिजते आणि टाकी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच रिकामी.

आता ती चाचणी, जी माझ्याकडच्या माणसाने चुकीच्या हत्याराने केली. निऑनचा साधा टेस्टर २४ व्होल्टला पेटतच नाही. तो पेटला नाही म्हणून बोर्ड गेला, असं म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा (नागमोडी रेघेची खूण असते, सरळ रेघेची डीसीची). झोन १ मॅन्युअलवर चालू करा. एक टोक "कॉमन"च्या (सगळ्या व्हॉल्व्हच्या सामायिक वायरीच्या) स्क्रूला, दुसरं झोन १ च्या स्क्रूला. २४ ते २८ च्या आसपास आकडा आला तर बोर्ड जिवंत आहे, बिघाड पुढे आहे. काहीच आलं नाही तर बोर्डला शिक्षा देण्याआधी पाचवी पायरी करा.

५. पावसाचा सेन्सर

भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर छत्रीसारखी छोटी टोपी असेल तर तो रेन सेन्सर. आत कॉर्कसारख्या चकत्या असतात. पावसाने त्या फुगतात, स्विच दाबतात, सर्किट तुटतं. वाळल्या की सर्किट परत जोडलं जातं, निदान तशी अपेक्षा असते. आपल्याकडे चार महिन्यांत त्यावर शेवाळ चढतं, कबुतरं कृपा करतात आणि स्विच दाबलेलाच राहतो. कंट्रोलरला वाटतं, अजून पाऊसच पडतोय.

कंट्रोलरवर सेन्सर बायपासचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर सेन्सरच्या दोन वायरी काढून त्या दोन स्क्रूंमध्ये वायरचा छोटा तुकडा जोडा. फवारे चालू झाले तर चोर सापडला. ज्यांच्याकडे सेन्सरच नाही त्यांच्या कंट्रोलरवर त्या जागी कंपनीने जोडलेला असाच तुकडा असतो. सफाई करताना तो निघाला तर एकही झोन चालत नाही, आणि तेवढ्यासाठी लोकांनी बोर्ड बदललेले आहेत.

६. वायर

इथे वेळ द्या. मुंबईत विजेच्या बाजूचे बहुतेक बिघाड मला इथेच सापडले आहेत.

रचना सोपी आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन वायरी: एक त्याची स्वतःची, कंट्रोलरच्या त्या झोनच्या स्क्रूपर्यंत जाणारी, आणि दुसरी कॉमन, सगळ्या व्हॉल्व्हना मिळून एकच. कॉमन तुटली की तिच्या पुढचे सगळे व्हॉल्व्ह मुके. कंट्रोलरजवळ तुटली तर पूर्ण बाग बंद, मध्ये तुटली तर अर्धी.

तपासायचं असं. कंट्रोलरची वीज बंद करा. कॉमनची वायर तिच्या स्क्रूतून काढा, झोनच्याही काढा (फोटो काढलाय ना?). मल्टिमीटर ओहमवर, २०० च्या खुणेवर. एक टोक कॉमनच्या वायरीला लावून ठेवा, दुसरं एकेका झोनच्या वायरीला. आकडे कागदावर लिहा.

- साधारण २० ते ६० ओहम: वायर आणि सोलेनॉइड दोन्ही ठीक.
- "ओएल", किंवा स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता "१": सर्किट तुटलंय. वायर किंवा सोलेनॉइडची आतली तार.
- शून्याच्या जवळ, चार-पाच ओहम: शॉर्ट. सोलेनॉइड जळालाय किंवा दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.
- शेकड्यांत किंवा हजारांत (हे बघायला मीटर २०० च्या वरच्या खुणेवर न्या) आणि सतत बदलणारा: जोड सडलाय, पाणी शिरलंय.

माझ्याकडे सहाच्या सहा झोनला "ओएल" आला. सहा सोलेनॉइड एका रात्रीत मरत नाहीत. म्हणजे सहांना मिळून जे एक आहे ते तुटलंय. कॉमन.

मी खात्रीसाठी दोन कोरची वायर गवतावरून कंट्रोलरपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत तात्पुरती टाकली आणि कॉमन त्यावर जोडली. वीज चालू केली, झोन १ लावला आणि चेंबरवर कान नेला. "टक्", मग पाण्याचा श्वास घेतल्यासारखा आवाज, मग फवारे. म्हणजे कंट्रोलर आणि पहिल्या चेंबरमधल्या अकरा मीटरमध्येच कुठेतरी तुटलं होतं. हिरवळ न खणता एवढं कळणं म्हणजे निम्मं काम झालं.

उरलेलं काम माळीकाकांनी केलं. ते त्या पट्ट्यावर अनवाणी चालत गेले आणि एका जागी थांबले. "इथं मांडवाचा खुंटा होता." जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं भोक, वरून गवत आलेलं, बोट घातलं तर आत मोकळं. खुरप्याने वीतभर माती काढली तेव्हा पाइपाच्या बाजूला वायरींचा जुडगा दिसला. रंगीत वायरींची नुसती सालं खरवडली होती, पांढरी मधोमध कापली होती आणि तिच्या दोन्ही टोकांच्या तांब्याला हिरवट भुगा धरला होता. नवरात्राच्या मांडवाचा तो खुंटा बरोबर कॉमनवर बसला होता. साडेअठरा हजारांचं दुखणं वीतभर वायरीत निघालं.

जोड कसा करायचा, तेही नीट सांगते, कारण अर्धे बिघाड जोडांचेच असतात. हिरवं किंवा काळं पडलेलं तांबं कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत. वायर कमी पडली तर मध्ये नवा तुकडा घाला, ताणून जोडू नका. पीळ घट्ट द्या आणि जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये खुपसा. काळी इन्सुलेशन टेप जमिनीखाली लावू नका. तिच्या आत पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही, दोन पावसाळ्यांत जोड संपतो. आमच्या चेंबरांतले सगळे जुने जोड टेपचेच होते, मी एका रविवारी बसून सगळे बदलले. जिथे घुशी कुरतडतात तिथे वायर प्लास्टिकच्या कडक पाइपातून न्या.

७. एकच झोन बंद असेल तर

त्या झोनची वायर कंट्रोलरवर चालणाऱ्या झोनच्या स्क्रूला लावा. चालला तर कंट्रोलरचा तो एकच स्क्रू मेलाय. मोकळा स्क्रू असेल तर वायर तिथे हलवा, बोर्ड बदलायची गरज नाही. नाही चालला तर ओहम मोजा, यावेळी थेट सोलेनॉइडच्या दोन वायरींवर, जोड सोडवून. सोलेनॉइड गेलेला असेल तर तेवढाच बदलता येतो, पूर्ण व्हॉल्व्ह नाही. मात्र घेताना २४ व्होल्ट एसीचाच घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या टायमरचे सोलेनॉइड दिसायला तसेच असतात, पण ते डीसीचे. दुकानात दोन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

विजेचं सगळं ठीक आणि "टक्" आवाजही येतोय, तरी पाणी नाही? काही व्हॉल्व्हच्या डोक्यावर पाणी कमी-जास्त करायची चावी असते, ती कोणी पूर्ण आवळली आहे का बघा. नाहीतर सोलेनॉइडखालचं बारीक भोक वाळूने बुजलंय. मेन कॉक बंद करा, सोलेनॉइड काढा, धुवा, परत लावा.

८. फवारा अर्धवट उठतो

नोझल काढा, त्याखाली टोपलीसारखी छोटी जाळी असते, टूथब्रशने धुवा. एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

पूर्ण झोनच मरगळलेला असेल तर पाइप फुटलेला असू शकतो. गवतात एका जागी पाय रुतत असेल तर तिथे खणा. पाइप शाबूत असेल तर बादलीने पाणी मोजा. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. पंधरा फुटी नोझलचं अर्धवर्तुळाकार हेड मिनिटाला साधारण ७ लिटर पितं, पूर्ण वर्तुळाचं १४. म्हणजे त्या पाण्यावर अर्धवर्तुळाची चार हेड चालतील. सहा लावली असतील तर कुठलाही मेकॅनिक काही करू शकणार नाही, झोन दोनात विभागा.

९. तरीही माणूस बोलवावा लागला तर

पंप, पॅनल आणि ईएलसीबीसाठी बोलवावाच. बाकीसाठी बोलावताना फोनवर हे सांगा: हाताने व्हॉल्व्ह उघडल्यावर फवारे उठतात की नाही, बोर्डवर एसी किती व्होल्ट येतात, कुठल्या झोनला किती ओहम. हे ऐकल्यावर "बोर्ड बदलावा लागेल" असं एकदम कोणी म्हणत नाही. आणि जुना पार्ट परत द्यायचा, हे आधी ठरवा.

काम संपल्यावर प्रत्येक झोन दोन मिनिटं चालवून बघा आणि सहाही झोनचे ओहमचे आकडे तारखेसह कंट्रोलरच्या दाराच्या आत चिकटवा. पुढच्या ऑक्टोबरात ज्या झोनचा आकडा हललेला दिसेल तोच चेंबर आधी उघडायचा.

मांडवाआधी मी आता वायरींच्या रेषेवर दर दोन मीटरला बांबूची काडी आणि तिला लाल फडकं लावते. यंदा मांडववाल्याने विचारलं, "ताई, बागेत ही निशाणं कसली?" मी त्याला नकाशा दाखवला. त्याने एक खुंटा दीड फूट सरकवला आणि उरलेल्या दोन खुंट्यांच्या जागी पाण्याने भरलेले पिंप ठेवले.